किमती गिऱ्हाइकाच्या चलनात दाखवायच्या, तर पैसेही त्याच चलनात घ्यावे लागतील का?

रानवारा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. आज अडले आहे म्हणून पहिलाच धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी आणि माझी बहीण विणकामाच्या नमुन्यांचं ऑनलाइन दुकान चालवतो. बहुतेक विक्री फायलींची, त्याशिवाय थोडे छापील संच. गिऱ्हाइकं निरनिराळ्या देशांतली. आमच्या सगळ्या किमती एकाच चलनात, आमच्या मूळ चलनात. गेल्या वर्षी एक प्लगइन, म्हणजे दुकानाच्या संकेतस्थळाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवलं. पाहणारा कुठल्या देशातून आलाय हे ओळखून ते किंमत त्याच्या चलनात दाखवतं. विक्री थोडी वाढल्यासारखी वाटली आणि आम्ही तो विषय डोक्यातून काढून टाकला.

गेल्या महिन्यात जपानमधल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचं पत्र आलं. नमुन्याच्या पानावर त्यांना येनमध्ये एक आकडा दिसला होता, आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर आला तो त्याहून बराच मोठा. पत्रात राग नव्हता. फक्त विचारलं होतं, "पानावर लिहिलेली किंमत खरी नव्हती का?"

मला ते वाक्य फार लागलं. शोध घेतला तर दोन गोष्टी निघाल्या. एक, प्लगइनला विनिमय दर पुरवणाऱ्या सेवेची आमची मुदत संपली होती, त्यामुळे दर नऊ दिवस जुनाच राहिला होता. दुसरी याहून मोठी. दर ताजा असता तरी फरक पडलाच असता, कारण आम्ही फक्त दाखवत होतो येन, पैसे घेत होतो आमच्या चलनात. किमतीखाली "अंदाजे" असं लिहिलेलं होतं, पण फोनवर ते बारीक करड्या अक्षरात, जवळपास न दिसणारं. त्यांना फरकाचे पैसे परत दिले. प्रश्न तिथे संपत नाही.

तर जाणकारांना विचारायचंय. अशी अंदाजे किंमत दाखवणं योग्य आहे, की दाखवलं त्याच चलनात पैसे घ्यायला हवेत? घ्यायचे तर दर वरखाली होण्याचा तोटा कुणी सोसायचा? दर रोज बदलायचा का? आणि दोन माणसांच्या दुकानाला हे सगळं झेपतं का?

---

कोडकिडा

रानवारा, पहिलाच धागा आणि इतका नेमका, आवडला.

आधी तीन चलनं वेगवेगळी धरा, कारण सगळा गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो. पानावर दिसतं ते दर्शनी चलन. कार्डावरून वसूल होतं ते वसुलीचं चलन. तुमच्या बँकेत येतं ते जमेचं चलन. तुमच्या प्लगइनने फक्त पहिलं बदललं. बाजारातली निम्मी "बहुचलनी" प्लगइनं एवढंच करतात आणि जाहिरातीत हा फरक सांगत नाहीत. बसवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: चेकआउटच्या शेवटच्या बटणावर कुठलं चलन असतं?

वसुलीचं चलन बदलायचं की नाही ते तुमच्या पेमेंट गेटवेवर, म्हणजे कार्डावरून पैसे वसूल करून देणाऱ्या सेवेवर ठरतं. बरेच गेटवे अनेक चलनांत पैसे घेऊन तुम्हाला एका चलनात जमा करतात आणि मधल्या बदलाचं शुल्क कापतात. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्रणालीच्या मूळ गाभ्यात दुकानाला एकच चलन असतं, बाकीचं विस्तारांवर सोपवलेलं. त्यामुळे तिथे विस्ताराची निवड फार जपून करावी लागते.

आता मी स्वतः केलेली चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. बहुतेक गेटवेंना रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात पाठवावी लागते. डॉलर असेल तर सेंटमध्ये, म्हणजे शंभराने गुणून. मी सरसकट शंभराने गुणत होतो. येनला व्यवहारात लहान एकक नाही. आयएसओ ४२१७ या चलनांच्या संकेतांच्या मानकात प्रत्येक चलनापुढे दशांश स्थळं किती ते दिलेलं असतं, आणि येन, दक्षिण कोरियाचा वॉन, चिलीचा पेसो, व्हिएतनामचा डाँग यांच्यापुढे शून्य आहे. १५०० येनच्या ऑर्डरला मी १,५०,००० येन मागितले. गिऱ्हाइकाच्या बँकेने व्यवहार नाकारला म्हणून निभावलं. उलट बाजूला कुवेत, बहरीन आणि जॉर्डनचे दिनार, ओमानचा रियाल, ट्युनिशियाचा दिनार यांना तीन स्थळं आहेत. तिथे शंभराने गुणलं की रक्कम एक दशांशच वसूल होते, आणि अशी चूक कुणी कळवतही नाही.

म्हणून दशांशाचा तक्ता हाताने लिहू नका, मानकातून घ्या. आणि रकमा दशांश अपूर्णांकांत साठवू नका. संगणक ०.१ अधिक ०.२ चं उत्तर बरोब्बर ०.३ देत नाही. लहान एककातला पूर्णांक आणि शेजारी चलनाचा तीन अक्षरी संकेत, एवढं प्रत्येक रकमेबरोबर नेहमी जोडीने ठेवायचं. नुसता आकडा कुठल्याही रकान्यात एकटा फिरता कामा नये.

---

दूरदेशी

मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो. वेगवेगळ्या देशांत राहणं झालं, खरेदी जगभरातून.

"अंदाजे" किमतीला माझा विरोध नाही, पण ती कुठे दाखवता यावर सगळं आहे. नमुने चाळताना अंदाज मिळाला तर बरंच वाटतं. चेकआउटच्या पानावर मात्र एकच चलन हवं, जे कार्डावर लागणार तेच, आणि तेही ठळक. माझी सगळ्यात वाईट खरेदी अशी झाली होती की कार्टमध्ये एक चलन, पुढच्या पानावर दुसरं, आणि बँकेचा मेसेज आला तेव्हा त्यात तिसरा आकडा.

आणखी एक, जे दुकानदारांना सहसा ठाऊक नसतं. तुम्ही तुमच्या चलनात पैसे घेतलेत की माझं कार्ड नेटवर्क (व्हिसासारखं) स्वतःच्या दराने बदल करतं, आणि त्यावर माझी बँक परकीय व्यवहाराचं शुल्क लावते. हे तुमच्या पानावर कधीच दिसू शकत नाही, कारण ते प्रत्येकाच्या कार्डावर अवलंबून. तुमचा दर अगदी मिनिटापूर्वीचा असला तरी त्या बाईंच्या स्टेटमेंटवरचा आकडा जुळला नसताच. आणि तुम्ही येनमध्ये घेतलेत तरी काही बँका दुकान परदेशी आहे एवढ्यावरूनच शुल्क लावतात. त्यामुळे "वेगळं शुल्क लागणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. ते तुमच्या हातात नाही.

---

रानवारा

कोडकिडा, दूरदेशी, मनापासून आभार. कोडकिडा, तुमचं वाचून लगेच तपासलं. आमच्याकडे रकमा दशांशातच साठवल्या आहेत. आज बहीण त्यावरच बसली आहे.

दूरदेशी, शुल्काचं मला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणजे "अंदाजे" हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिला असता तरी तो अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकणार, कमीच दाखवणार. मग तो अंदाज कसला?

---

हिशोबनीस

रानवाराताई, हे शेवटचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. नेहमी एकाच बाजूला झुकणाऱ्या तराजूला अंदाज म्हणत नाहीत.

मी लहान दुकानांचे हिशोब लिहितो, त्या बाजूने बोलतो. तोटा कुणी सोसायचा, हा तुमचा खरा प्रश्न. गिऱ्हाइकाच्या चलनात पैसे घेतले की दराची जोखीम तुमची, आणि ती तुमचीच असावी, कारण किंमत ठरवणं तुमच्या हातात आहे. त्या बाईंच्या हातात फक्त "घ्या" किंवा "नको" एवढंच. जोखीम अंगावर घ्यायची म्हणजे नुकसान सोसायचं असं मात्र नाही. किमतीत थोडी जागा ठेवायची. मी माझ्या दुकानदारांना मधल्या दराच्या (चलनाच्या खरेदी आणि विक्रीच्या दरांमधला) वर गेटवेचं बदल शुल्क आणि त्यापुढे २ ते ३ टक्के धरायला सांगतो. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

दर रोज बदलू नका. गिऱ्हाईक सकाळी पाहतं, रात्री परत येतं आणि किंमत हललेली दिसली की त्याला वाटतं आपल्याला पाहून भाव चढवला. संदर्भ दर रोज तपासा, पण किंमत तेव्हाच बदला जेव्हा तो तुमच्या धरलेल्या दरापासून, समजा, ४ टक्क्यांहून लांब जाईल. एरवी महिन्यातून एकदा नजर पुरे.

दर कुठून घ्यायचा? युरोपियन सेंट्रल बँक कामकाजाच्या दिवशी मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी ४ च्या सुमाराला युरोच्या तुलनेत तिसेक चलनांचे संदर्भ दर जाहीर करते, मोफत. ते माहितीसाठी आहेत, त्या दराने तुम्हाला कुणी चलन बदलून देणार नाही, हे बँक स्वतःच सांगते. म्हणूनच वर जागा ठेवायची. शनिवार-रविवारी आणि बँकेच्या सुट्ट्यांना नवा दर नसतो, हेही प्रोग्रॅमला शिकवा. तुमचं प्लगइन नऊ दिवस गप्प राहिलं, तिथे चूक दर जुना होण्याची नव्हती, तो जुना झालाय हे कुणाला न कळण्याची होती. दर चार दिवसांहून जुना झाला की तुम्हा दोघींना मेल गेलाच पाहिजे.

आणि कधी कधी दर हळूहळू सरकत नाही, कोसळतो. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने १ युरो म्हणजे किमान १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक सोडली आणि काही मिनिटांत फ्रँक कुठल्या कुठे महागला. ६ मार्च २०२४ ला इजिप्तने पौंड मोकळा सोडला, तेव्हा सुमारे ३१ ला असलेला डॉलर एका दिवसात ५० च्या आसपास गेला. त्या दिवशी जुन्या दराने पौंडांत विकलेल्या मालाची काय गत झाली असेल ते बघा. तेव्हा वेळापत्रकाच्या बाहेर किंमत बदलता आली पाहिजे. आणि ज्या चलनात अशी उलथापालथ वारंवार होते ते चलन यादीत न घेणं हाही प्रामाणिक निर्णय आहे.

---

आडवाट

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मुळात दराने गुणून किंमत काढायचीच कशाला?

प्रत्येक महत्त्वाच्या चलनासाठी तुम्ही स्वतः बसून किंमत ठरवा आणि यादी लिहून ठेवा. गुणाकारातून १४८७ येन असा आकडा येतो. तो कुणा दुकानदाराने ठरवलेला वाटत नाही, यंत्राने टाकलेला वाटतो. १५०० लिहा. अॅपलचं अॅप स्टोअर हेच मोठ्या प्रमाणावर करतं: १७५ देशांची आणि प्रदेशांची दुकानं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी किमतींचे टप्पे वाढवून ९०० केले. विक्रेता एका देशाची किंमत आधार म्हणून निवडतो, बाकीच्या आपोआप बसतात, आणि हवी तिथे हाताने वेगळी लावता येते. तुमच्याकडे नमुने किती? शंभर असले तरी किमतीचे टप्पे पाच-सहाच असतील. पाच टप्पे गुणिले सहा चलनं, तीस आकडे. एका दुपारचं काम.

---

मितभाषी

आडवाट यांच्या यादीला +१. पण मग देशागणिक किंमत वेगळी ठेवायची का, हा प्रश्न येतो. एकाच फायलीला एकाने जास्त आणि दुसऱ्याने कमी का द्यावं?

---

आडवाट

मितभाषी, दोन गोष्टी निराळ्या ठेवू या. चलन बदलणं वेगळं, देश पाहून स्वस्त-महाग करणं वेगळं. मी पहिल्याबद्दल बोलत होतो.

दुसरं करता येतं, पण ते सांभाळावं लागतं. स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानात अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात खेळ तिथल्या चलनात मिळत आणि बरेचदा पुष्कळ स्वस्त पडत. इतर देशांतले लोक तिथलं खातं असल्याचं भासवून घेऊ लागले. शिवाय पेसो आणि लिरा दोन्ही सतत घसरत होते. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने दोन्ही ठिकाणी स्थानिक चलन बंद करून डॉलर आणला. एवढ्या मोठ्या दुकानाला जे झेपलं नाही ते दोघी बहिणींनी अंगावर घ्यावं असं मला वाटत नाही.

युरोपीय संघात गिऱ्हाइकं असतील तर २०१८ चा भौगोलिक अडसराविरुद्धचा नियम माहीत असू द्या, क्रमांक २०१८/३०२. प्रत्येक देशासाठी वेगळ्या किमतीचं पान ठेवायला तो मना करत नाही. पण संघातल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या देशाचं पान बघू न देणं, किंवा त्याला न विचारता स्वतःच्या देशाच्या पानावर ढकलणं चालत नाही.

---

दूरदेशी

ढकलण्यावरून आठवलं. माणूस कुठे आहे, त्याची भाषा कोणती आणि त्याचं कार्ड कुठल्या चलनाचं, ही तीन उत्तरं वेगवेगळी असू शकतात. माझी कायमच असतात. प्रवासात विमानतळावरून एखादं दुकान उघडावं, तर किमती अशा चलनात की ज्यात माझं काहीच नाही, आणि बदलायची सोय सापडत नाही.

इंटरनेटच्या पत्त्यावरून देश ओळखून पहिलं चलन सुचवा, चालेल. पण चलन बदलायची यादी प्रत्येक पानावर, वरच्या बाजूला हवी. झेंडे नकोत, चलनाचं नाव आणि संकेत लिहा. युरोसाठी कुठला झेंडा लावणार? एकदा निवडलेलं पुढच्या भेटीतही टिकायला हवं. आणि कृपा करून चलन बदललं म्हणून कार्ट रिकामी करू नका.

---

टंक

आकडे लिहिण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझं काम अक्षरजुळणीचं आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

डॉलरचं चिन्ह एकट्याने कधीच पुरेसं नसतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, हाँगकाँग, सगळीकडे तेच. कॅनडातल्या माणसाला नुसतं डॉलरचं चिन्ह दिसलं की तो स्वतःचा डॉलर समजतो, आणि बिल अमेरिकी डॉलरमध्ये आलं की फसवल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे. येन आणि युआन यांचं चिन्हही एकच. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क तिघेही क्रोना-क्रोनसाठी तीच दोन अक्षरं लिहितात. चेकआउटवर चिन्हाबरोबर तीन अक्षरी संकेत लिहा, शंकाच राहत नाही.

मग विरामचिन्हं. जर्मनीत हजारांना टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, चिन्ह आकड्यानंतर. स्वित्झर्लंडमध्ये हजार वेगळे करायला उभी खूण. भारतात लाख-कोटींप्रमाणे दोन-दोनचे गट. १.२३४ हा आकडा एकाला हजाराच्या वर आणि दुसऱ्याला सव्वाच्या जवळ वाटतो, इतका हा फरक मोठा. हे सगळं हाताने करायला जाऊ नका. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात प्रत्येक भाषा-प्रदेशाचे संकेत नोंदवलेले आहेत आणि ब्राउझरमधलं इंटल नंबरफॉरमॅट हे आकडे मांडून देणारं साधन तोच आधार घेतं. त्याला भाषा-प्रदेश सांगा, चलन सांगा, बाकी ते बघतं.

एक शेवटचं. काही चिन्हं वयाने लहान आहेत. रुपयाचं चिन्ह २०१० चं, तुर्की लिऱ्याचं युनिकोडमध्ये २०१२ ला आलं, जॉर्जियाच्या लारीचं २०१५ ला. एखाद्या सुंदर पण जुन्या फॉन्टमध्ये ती नसतात, मग किमतीपुढे रिकामा चौकोन दिसतो. तुमच्या दुकानाचा फॉन्ट तपासा. बिलाच्या पीडीएफचा तर आधी तपासा, तिथेच सगळ्यात जास्त बिघडतं.

---

रानवारा

टंकताई, आत्ताच तपासलं. पानावर ठीक आहे, पण आमच्या पीडीएफ बिलात लिऱ्याच्या जागी चौकोन येतोय! तुर्कस्तानातल्या कुणीच कधी सांगितलं नाही. कित्येक महिने त्यांना असं बिल जात असणार, वाईट वाटलं.

आडवाट यांची यादीची कल्पना आम्हा दोघींना पटली. आमचे किमतीचे टप्पे चारच आहेत. पण कागदावर मांडायला बसलो तसे नवे प्रश्न निघाले. ठरावीक रकमेवर टपाल खर्च माफ, अशी आमची सवलत आहे. भेट कूपनं आहेत, मूळ चलनात विकलेली. आणि परतावा? येनमध्ये घेतलेले पैसे महिन्याने परत करायचे तर कुठल्या दराने?

---

हिशोबनीस

परताव्याचं सोपं आहे आणि त्यावर तडजोड नको. जितके येन घेतले तितकेच येन परत. दर काहीही असो. मधला फरक तुमच्या खात्यात विनिमय नफा किंवा तोटा म्हणून जाईल. आज तुम्ही मूळ चलनात घेता म्हणून काय होतं पाहा: तुम्ही पुरेपूर रक्कम परत करता, पण कार्ड नेटवर्क त्या दिवशीच्या दराने बदल करतं, आणि गिऱ्हाइकाला कमी किंवा जास्त मिळतं. त्यावरूनही तक्रारी होतात. दुकानदाराला वाटतं आपण तर पूर्ण दिले.

यासाठी प्रत्येक ऑर्डरवर या गोष्टी कायमच्या नोंदलेल्या हव्यात: गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम आणि चलन, त्या क्षणी धरलेला दर, दर केव्हाचा, आणि तुमच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम. जुनी ऑर्डर उघडल्यावर आजच्या दराने आकडे बदलून दाखवणारी प्रणाली मी पाहिली आहे. वर्षअखेरीला तिचे हिशोब जुळवताना आमचे तीन आठवडे गेले.

चलनंसुद्धा मरतात, हे लक्षात असू द्या. क्रोएशियाचा कुना १ जानेवारी २०२३ ला गेला, १ युरोला ७.५३४५० कुना या ठरलेल्या दराने. बल्गेरियाचा लेव्ह १ जानेवारी २०२६ ला, १.९५५८३ ने. तुर्कस्तानने २००५ मध्ये लिऱ्यावरची सहा शून्यं काढली, बेलारूसने २०१६ मध्ये रुबलवरची चार, आणि दोन्ही वेळा तीन अक्षरी संकेतही बदलला. जुन्या ऑर्डरचं चलन जुनंच राहू द्या, नाहीतर एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची खरेदी कागदोपत्री दहा हजारपट होईल.

कराबद्दल थोडक्यात. युरोपीय संघात गिऱ्हाइकाला दाखवायची किंमत व्हॅटसकट असते, अमेरिकेत विक्रीकर साधारणपणे शेवटी वेगळा लागतो. म्हणजे दोन यादींमधले आकडे एकाच पायावर नसतात, तुलना करताना विसरू नका. आणि सगळ्या सदस्य देशांतला व्हॅट एकाच ठिकाणी भरायच्या संघाच्या वन स्टॉप शॉप योजनेत विवरणपत्र भरत असाल तर इतर चलनांतली विक्री युरोत बदलताना कालावधीच्या शेवटच्या दिवसाचा युरोपियन सेंट्रल बँकेचा दर लागतो. दुकानात तुम्ही धरलेला दर तिथे चालत नाही. तुमच्या सल्लागाराला नक्की विचारा.

---

कोडकिडा

टपालमाफीची मर्यादा ही पण एक किंमतच. प्रत्येक चलनात हाताने ठरवा, पूर्ण आकडा. गुणून काढली तर "आणखी ७३१२ येनची खरेदी करा" अशी सूचना दिसेल.

भेट कूपन ज्या चलनात विकलं त्याच चलनात वापरू द्या. हे थोडं गैरसोयीचं आहे हे मान्य, पण ते तुमच्याकडे ठेवलेले कुणाचे तरी पैसे आहेत, आणि दर बदलला म्हणून त्यांची किंमत कमी झाली असं त्यांना सांगावं लागू नये. टक्क्यांच्या सवलतीला ही अडचण नाही.

बेरजेचा एक सापळा. आधी प्रत्येक वस्तूची किंमत जवळच्या पूर्ण आकड्यात आणा, मग बेरीज. एकूण रक्कम वेगळी बदलू नका. तीन वस्तू, प्रत्येकीची बदललेली किंमत ३३३.४. वेगवेगळी पूर्ण केली तर ३३३ तिनदा, बेरीज ९९९. एकूण बदलली तर १०००.२, म्हणजे १०००. एका येनचा फरक, पण गिऱ्हाईक फोनवर बेरीज करून बघतं आणि विश्वास उडतो. यादीच्या पद्धतीत हा प्रश्न येत नाही, हा तिचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

आता कॅशे. पान वेगाने उघडावं म्हणून सर्व्हर त्याची तयार प्रत ठेवतो. पहिला पाहणारा स्वीडनचा असेल तर तीच क्रोनाची प्रत पुढच्या तासभर सगळ्यांना जाते. तुमच्या घरी सगळं बरोबर दिसतं, कारण लॉगइन केलेल्या मालकाला कॅशेमधली प्रत दिली जात नाही. चलनागणिक वेगळी प्रत ठेवायला सांगा, किंवा प्रत्येक चलनासाठी पानाला वेगळा वेब पत्ता द्या. मला दुसरं बरं वाटतं, कारण शोधयंत्रांनाही ते कळतं. गूगलचा पान वाचणारा यंत्रमानव बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो, त्याला तुम्ही डॉलर दाखवणार. गूगलला दिलेल्या उत्पादनांच्या यादीत युरो दिले असतील तर पानावरची आणि यादीतली किंमत जुळत नाही म्हणून उत्पादन नाकारलं जाऊ शकतं.

आणि "दाखवलं एक, घेतलं दुसरं" हे फक्त मनाला लागण्यापुरतं नाही. व्हिसाच्या वाद-प्रकारांत चुकीच्या चलनासाठी स्वतंत्र क्रमांक आहे, १२.३, आणि चुकीच्या रकमेसाठी १२.५. त्या बाईंनी तुम्हाला पत्र लिहिलं. दुसरं कुणी सरळ बँकेकडे गेलं असतं.

---

मितभाषी

एक शंका. गेटवे चेकआउटवर गिऱ्हाइकाला "तुमच्या चलनात पैसे द्या" असा पर्याय स्वतःच दाखवतो. मग हे सगळं कशाला? तोच चालू केला तर?

---

दूरदेशी

मितभाषी, नको. त्याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. दर मधला सेवादार ठरवतो, तो बहुतेक वेळा माझ्या कार्ड नेटवर्कच्या दराहून वाईट असतो, आणि त्यातला काही वाटा कधी कधी दुकानदाराला मिळतो. गिऱ्हाइकाला ओळखीचं चलन दिसतं म्हणून ते "हो" म्हणतं. युरोपीय संघाने २०१९/५१८ हा नियम आणला तो याचसाठी. एप्रिल २०२० पासून एटीएमवर आणि दुकानात कार्डाने पैसे देताना असा बदल देऊ करणाऱ्याला, युरोपियन सेंट्रल बँकेच्या ताज्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त घेतोय ते आधी दाखवावं लागतं.

रानवारा करायला निघाल्या आहेत ते याच्या नेमकं उलट आहे. तिथे किंमत दुकानाची, दर दुकानाचा, जबाबदारीही दुकानाची.

---

रानवारा

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय.

सहा चलनं घेतली: येन, युरो, पौंड, अमेरिकी डॉलर, कॅनडाचा डॉलर आणि ऑस्ट्रेलियाचा डॉलर. चारही टप्प्यांच्या किमती आम्ही दोघींनी बसून ठरवल्या. पानावर दिसतं तेच कार्डावर लागतं. या सहांच्या बाहेरच्या सगळ्यांना आमचं मूळ चलन, शेजारी अंदाज नाही. वर एक ओळ, पूर्ण काळ्या अक्षरात: "तुमची बँक वेगळं शुल्क लावू शकते." तुर्की लिरा काढावा लागला. तिथल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना स्वतः पत्रं लिहिली, आणि जुनी बिलं दुरुस्त करून पाठवली.

यादी मोठी करायचा मोह झाला होता. पण प्रत्येक चलन म्हणजे लक्ष ठेवायची आणखी एक जागा, आणि लक्ष ठेवायला आम्ही दोघीच. दर तपासणारा छोटा प्रोग्रॅम बहिणीने लिहिला. ४ टक्क्यांच्या पुढे गेलं किंवा दर चार दिवसांत आलाच नाही, तर दोघींना मेल. मागच्या आठवड्यात पहिला मेल आला तेव्हा धस्स झालं, पण तो सुट्ट्यांमुळे होता. सुट्ट्यांची यादी आता त्यात घातली आहे.

कॅशेचं कोडकिडा यांनी सांगितलं नसतं तर आम्ही नक्की अडकलो असतो. शेजारच्या घरातून, लॉगइन न करता बघितलं तर खरोखरच पौंड दिसत होते. आता चलनागणिक वेगळे पत्ते आहेत.

जपानमधल्या त्या बाईंना नवी किंमत कळवली होती. काल त्यांनी दोन नमुने घेतले, आणि मी स्टेटमेंटबद्दल विचारण्याआधीच त्यांचं उत्तर आलं: आकडा तोच आहे.

छापील संचांच्या टपाल खर्चाचं मात्र अजून जमलेलं नाही. वाहतूक कंपनी आम्हाला मूळ चलनात बिल देते आणि इंधन अधिभार दर महिन्याला बदलते, त्यामुळे तो आकडा सहा चलनांत महिनाभरही स्थिर ठेवता येत नाही. सध्या संच फक्त मूळ चलनात विकतोय. कुणी हे केलं असेल तर कृपया इथेच लिहा.

---

हिशोबनीस

ताई, वर्षभराचे टपालाचे आकडे आहेत का? वजनाचे दोन-तीन गट करून प्रत्येकाचा सर्वांत महाग महिना धरा आणि त्यावर ठरावीक दर लावून बघा. आकडे असतील तर विपु (खासगी निरोप) करा, शनिवारी बसून मांडून देतो.